आधी बेट सावरले, म्हणून खोकड परतले

ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या सॅन मिगेल, सांता रोझा आणि सांता क्रूझ या तीन बेटांवरच्या खोकडांची नावे संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून काढली. ती यादीत गेली होती २००४ मध्ये. त्या देशाच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली आलेला कोणताही सस्तन प्राणी तोवर इतक्या लवकर सावरलेला नव्हता. ही बातमी जगभर गेली ती एका ठरीव रूपात: उरलीसुरली जनावरे पिंजऱ्यात घेतली, त्यांची वीण वाढवली, पिल्ले रानात सोडली आणि प्रजाती वाचली. यात खोटे काही नाही. पण हे अर्धेच सत्य आहे आणि म्हणूनच ते दिशाभूल करते. कोणत्याही वनखात्याने त्यातून धडा घ्यायचा म्हटला तर तो ‘प्रजनन केंद्र उभारा’ एवढाच उरतो. या बेटांवर १९९० ते २०१५ या काळात काय घडले ते नीट पाहिले तर निष्कर्ष वेगळा निघतो. ज्या भूमीवर खोकडे मरत होती ती भूमी आधी दुरुस्त केली गेली. त्यासाठी अनेक अप्रिय निर्णय एकाच काळात घेतले गेले आणि तडीस नेले गेले. पिंजऱ्यातल्या पैदाशीने त्या कामासाठी लागणारा वेळ मिळवून दिला, हे तिचे श्रेय. त्याहून अधिक श्रेय तिला देणे चुकीचे आहे.

ही तीन बेटे ज्यांत मोडतात त्या चॅनल आयलंड्स समूहातल्या आठ बेटांपैकी सहा बेटांवर खोकड आढळते आणि प्रत्येक बेटावरचे खोकड स्वतंत्र उपप्रजाती मानले जाते. मुख्य भूमीवरच्या करड्या खोकडाचे हे वंशज. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती तेव्हा उत्तरेकडची चार बेटे मिळून एकच मोठे बेट होते. पुढे पाणी चढले आणि त्याचे तुकडे झाले. दक्षिणेकडच्या बेटांवर खोकडांना तिथल्या मूळ रहिवाशांनी होडीतून नेले असावे, असे अभ्यासक मानतात. हजारो वर्षे बेटांवर राहून हा प्राणी आकाराने लहान होत गेला. पूर्ण वाढ झालेल्या खोकडाचे वजन साधारण एक ते अडीच किलो भरते, म्हणजे घरच्या मांजरापेक्षाही कमी. उंदीर, किडे, फळे, किनाऱ्यावरचे खेकडे असे जे मिळेल ते ते खाते. बेटावर त्याची शिकार करणारे कोणी नव्हते, त्यामुळे दिवसाढवळ्या उघड्यावर फिरण्याची त्याला सवय लागली. एका पिढीमागून दुसरी अशा हजारो पिढ्या भीतीवाचून जगल्या. बेटाबाहेरून आलेल्या कोणत्याही नव्या संकटापुढे हा प्राणी निराधार ठरणार, हे यातच ठरून गेले होते.

ते संकट १९९० च्या दशकात आले आणि त्याचा वेग भोवळ आणणारा होता. १९९४ मध्ये सॅन मिगेलवर सुमारे साडेचारशे प्रौढ खोकडे होती. दशक संपताना पंधरा उरली. सांता रोझावर पावणेदोन हजारांच्या आसपास होती. तिथेही २००० साली पंधराच राहिली. सांता क्रूझवर चौदाशेहून अधिक होती, त्यांची साठही उरली नाहीत. एखादी प्रजाती विपुल आहे म्हणून ती सुरक्षित आहे असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे लक्षात ठेवावेत. जंगलतोड झालेली नव्हती, शिकारीचा धुमाकूळ नव्हता, यातली बहुतेक जमीन राष्ट्रीय उद्यानात किंवा संवर्धन संस्थेच्या मालकीत होती. कागदोपत्री संरक्षण पुरेपूर होते. तरीही सहा वर्षांच्या आत पंचाण्णव टक्क्यांहून अधिक प्राणी नाहीसे झाले. आधी रोगाचा संशय घेतला गेला. पण रेडिओ कॉलर लावलेल्या खोकडांचे मृतदेह सापडू लागले तेव्हा त्यांच्यावरच्या खुणा मोठ्या शिकारी पक्ष्याच्या होत्या. गॅरी रोमर आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी पुराव्यानिशी दाखवून दिले की खोकडांना सोनेरी गरुड मारत आहेत.

सोनेरी गरुड हा कॅलिफोर्नियाच्या मुख्य भूमीवरचा पक्षी. या बेटांवर तो पूर्वी कधी घरटे करून राहत नव्हता. मग तो तिथे आलाच कसा आणि टिकला कसा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना जी साखळी उलगडली ती अनेक दशके मागे जाते. बेटांवर पूर्वी पांढऱ्या डोक्याचा बाल्ड ईगल राहत असे. तो मुख्यतः मासे, समुद्रपक्षी आणि मेलेली जनावरे खातो, आणि आपल्या हद्दीत दुसऱ्या मोठ्या गरुडाला सहसा पाय रोवू देत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्स येथील माँट्रोज केमिकल कंपनीच्या कारखान्यात डीडीटीचे प्रचंड उत्पादन होऊ लागले आणि त्याचे शेकडो टन अवशेष सांडपाण्याच्या वाहिन्यांतून समुद्रात गेले. तिथून ते माशांत आणि माशांतून बाल्ड ईगलच्या शरीरात पोहोचले. अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की अंडी उबवतानाच फुटू लागली. आधीची शिकार आणि छळ यांत या विषाची भर पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेटांवरून बाल्ड ईगल नाहीसा झाला. पहारेकरी गेला आणि आकाश मोकळे झाले. पण मोकळ्या आकाशाने पोट भरत नाही; सोनेरी गरुडाला बेटावर वर्षभर पुरेल असे भक्ष्य हवे होते. ते माणसाने आधीच आणून ठेवलेले होते.

एकोणिसाव्या शतकात या बेटांवर पशुपालनाचे मोठे मळे उभे राहिले. सांता क्रूझवर मेंढ्या आणि डुकरे आणली गेली. डुकरे मोकाट सुटून रानटी झाली. सांता रोझावर शिकारीच्या हौसेसाठी हरणे आणि एल्क सोडले गेले. मेंढ्यांनी झुडपे आणि वेली ओरबाडून टाकल्या, त्यामुळे लपायला आडोसाही उरला नाही. डुकरांची पिल्ले आणि हरणांची पाडसे हे सोनेरी गरुडाचे खात्रीचे अन्न बनले. इथेच या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट समजून घ्यावी लागते. शिकारी प्राणी आणि त्याचे भक्ष्य यांच्यात सहसा एक तोल असतो: भक्ष्य कमी झाले की शिकाऱ्याची उपासमार होते, त्याची संख्या घटते आणि भक्ष्याला सावरायला वेळ मिळतो. या बेटांवर तो तोल कामच करेना. गरुडाचे पोट डुकरांवर भरत होते, खोकड मिळाले काय किंवा न मिळाले काय, त्याच्या संख्येत फरक पडत नव्हता. डुकरीण एका वेळी अनेक पिल्ले देते आणि वर्षात पुन्हा विते. खोकडाला वर्षातून एकदाच, सरासरी दोन-तीन पिल्ले होतात. त्यामुळे त्याच गरुडाच्या नखांतून डुकरांची जात सहज तरली आणि खोकड मात्र संपत गेले. डुकराने खोकडाला कधी दातही लावला नाही, तरी त्याच्या ऱ्हासाला ते कारणीभूत ठरले.

कारण असे चार पदरी असताना एका पदरावर इलाज करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. याचा प्रत्यय लगेच आला. १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने सॅन मिगेलवरची उरलेली खोकडे पकडून पिंजऱ्यात आणायला सुरुवात केली. त्यात नर फक्त चार होते. पुढे सांता रोझा आणि सांता क्रूझवरही बंदिस्त पैदास सुरू झाली. निर्णय योग्यच होता. आणखी वर्ष थांबले असते तर वाचवायला काही उरले नसते. पण २००२ च्या अखेरीस सांता क्रूझवर काही खोकडे परत रानात सोडण्यात आली, तेव्हा थोड्याच दिवसांत त्यांतली निम्म्याहून अधिक सोनेरी गरुडांनी मारली. उरलेल्यांना पुन्हा पकडून आत आणावे लागले. पिंजऱ्यातली पैदास यशस्वी होती, खोकडे निरोगी होती, रानात जगण्याची उपजत बुद्धी त्यांना होती; बाहेरचे रान मात्र होते तसेच होते. पुनर्वसनाच्या प्रत्येक योजनेपुढे ठेवावा असा हा प्रसंग आहे. सोडलेल्या जनावरांची संख्या मोजून योजनेचे यश ठरवता येत नाही. ती कशाने मरत होती आणि ते कारण दूर झाले आहे का, हाच खरा निकष.

म्हणून त्या वर्षांत चार कामे एकमेकांना जोडून केली गेली. पहिले, सोनेरी गरुडांना जिवंत पकडून उत्तर कॅलिफोर्नियात सोडण्याचे. १९९९ ते २००६ या काळात चाळीसहून अधिक गरुड असे हलवले गेले. दुसरे, बाल्ड ईगलला परत आणण्याचे. माँट्रोज प्रकरणातल्या खटल्यांतून झालेल्या तडजोडीतून जो निधी मिळाला, तो त्यासाठी वापरला गेला. २००२ ते २००६ या काळात सांता क्रूझवर साठच्या आसपास पिल्ले सोडली गेली आणि २००६ मध्ये त्या बेटावर अर्ध्या शतकानंतर पहिल्यांदा बाल्ड ईगलच्या अंड्यातून पिल्लू नैसर्गिकरीत्या बाहेर आले. विष ओतणाऱ्याकडून भरपाई घेऊन तिच्यातूनच विषाचा परिणाम पुसायचा, हा या प्रकरणातला सर्वांत न्याय्य भाग आहे. तिसरे काम सर्वांत वादग्रस्त: सांता क्रूझवरून रानटी डुकरांचे समूळ निर्मूलन. बेटाचे कुंपणांनी भाग पाडून, एकेक भाग पूर्ण रिकामा करत २००५-०६ मध्ये पाच हजारांहून अधिक डुकरे मारण्यात आली. सांता रोझावरची हरणे आणि एल्क कायदेशीर तडजोडीनुसार २०११ पर्यंत टप्प्याटप्प्याने हटवण्यात आले. चौथे काम म्हणजे बंदिस्त पैदास आणि सोडलेल्या खोकडांवर सतत नजर. उद्यान सेवा, सांता क्रूझच्या तीन चतुर्थांश भागाची मालक असलेली नेचर कन्झर्व्हन्सी ही संस्था आणि मत्स्य व वन्यजीव सेवा या तिघांनी जमिनीच्या मालकीची रेषा बाजूला ठेवून एकच आराखडा राबवला.

परिणाम आकड्यांत दिसला. गरुड आणि डुकरे हटताच रानातल्या खोकडांच्या जगण्याचे प्रमाण वेगाने सुधारले आणि २००८ पर्यंत बंदिस्त पैदास थांबवता आली. बेटे पुरेशी सुरक्षित झाली होती, म्हणून पिंजऱ्यांची गरजच संपली. २०१५ पर्यंत सॅन मिगेलवर सुमारे सातशे, सांता रोझावर हजाराच्या वर आणि सांता क्रूझवर दोन हजारांच्या आसपास खोकडे झाली. लाभ फक्त खोकडांचा झाला असेही नाही. मेंढ्या आणि डुकरे गेल्यावर बेटावरची झुडपे, ओकची रोपे आणि जगात इतरत्र कुठेही न सापडणाऱ्या अनेक वनस्पती पुन्हा वाढू लागल्या. कुठलाही प्राणी भोवतालच्या जमिनीपासून, वनस्पतींपासून, समुद्रापासून वेगळा काढून वाचवता येत नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा सापडणे कठीण.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते गंभीर आहेत आणि त्यांना बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला आक्षेप नैतिक आहे. काही शे खोकडांसाठी पाच हजार डुकरांना गोळ्या घालणे कोणत्या न्यायात बसते? डुकराला वेदना होत नाहीत का? प्राणिहक्कांच्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न न्यायालयात नेला होता. मोहीम थांबली नाही, पण प्रश्न फेटाळण्यासारखा नव्हता. वेदना होतात, आणि त्या मान्य करूनच उत्तर द्यायला हवे. या बेटावर कोणताही प्राणी न मरण्याचा पर्याय कधी उपलब्धच नव्हता. काही न करणे म्हणजे पृथ्वीवर फक्त तिथेच असलेल्या खोकडांच्या उपप्रजातींना कायमचे मरू देणे होते. डुकरांना मुख्य भूमीवर हलवले असते तर त्यांच्याबरोबर रोगही गेले असते, आणि डोंगराळ बेटावर विखुरलेल्या हजारो रानटी जनावरांची नसबंदी करण्याची व्यवहार्य पद्धत हाताशी नव्हती. शिवाय अर्धवट शिकार हा सर्वांत क्रूर मार्ग असतो: दरवर्षी काही शे डुकरे मारायची, ती पुन्हा वाढणार, पुन्हा मारायची, असे दशकानुदशके चालले असते आणि मारलेल्या डुकरांचा एकूण आकडा पाच हजारांच्या कितीतरी पुढे गेला असता. मारण्याचा निर्णय घ्यावाच लागत असेल तर तो एकदाच, पूर्ण आणि प्रशिक्षित हातांनी अमलात आणावा, यातच अधिक करुणा आहे. आणि डुकरे तिथे माणसाने नेली होती, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या मरणाची जबाबदारी त्यांना तिथे नेणाऱ्या माणसाचीच आहे, आणि त्या बेटावर पुन्हा कोणताही परका प्राणी पोहोचू न देणे हा त्या जबाबदारीचा उरलेला भाग आहे.

दुसरा आक्षेप निसर्गाच्या नावाने घेतला जातो. गरुडाने खोकड खाणे हा निसर्गच नव्हे का? प्रजाती येतात आणि जातात, माणसाने मध्ये का पडावे? हा युक्तिवाद ऐकायला उदार वाटतो, पण वस्तुस्थितीशी त्याचा मेळ बसत नाही. समुद्रात डीडीटी ओतणे, बेटावर डुकरे आणि मेंढ्या उतरवणे, शिकारीसाठी हरणे सोडणे या सगळ्यांत माणूस आधीच मध्ये पडलेला होता. बिघाड करताना हस्तक्षेप चालतो आणि दुरुस्तीच्या वेळी मात्र तटस्थता आठवते, ही भूमिका टिकणारी नाही. उलट, या मोहिमेत संयमही होता. सोनेरी गरुड स्वतः कायद्याने संरक्षित पक्षी आहे. तो वेळेत हटत नाही असे दिसल्यावर काही नामवंत संशोधकांनी उरलेल्या गरुडांना मारण्यावाचून गत्यंतर नाही, असे मत शास्त्रीय नियतकालिकात मांडले होते. उद्यान सेवेने तो मार्ग घेतला नाही; पकडून दूर सोडण्याचा खर्चिक आणि किचकट मार्ग घेतला. सुरुवातीला सोडलेल्या ज्या गरुडांना ट्रान्समीटर लावले होते, त्यांतला एकही बेटांकडे परतला नाही. म्हणजे जिथे न मारता काम होणार होते तिथे मारले नाही, आणि जिथे दुसरा उपाय नव्हता तिथे कच खाल्ली नाही. प्रत्येक प्राण्याला एकच नियम लावण्यापेक्षा हा विवेक अधिक अवघड आहे आणि अधिक योग्यही.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे: हे सगळे निर्मनुष्य बेटांवर, श्रीमंत देशात, समुद्राच्या कुंपणाआड जमले; गावे, शेती आणि गुरेढोरे असलेल्या मुलखात याचा काय उपयोग? यात तथ्य आहे. डुकरे एकदा संपली की समुद्र त्यांना परत येऊ देत नाही. जमिनीवरच्या अधिवासाला अशी सोय नसते. पण याच बेटांच्या समूहातले सांता कॅटलिना या आक्षेपाला बरेचसे उत्तर देते. तिथे सुमारे चार हजार लोक राहतात, पाळीव कुत्री आहेत, दरवर्षी लाखो पर्यटक येतात. तिथल्या खोकडांचा शत्रू वेगळा होता. १९९८-९९ मध्ये कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरची साथ आली, बहुधा मुख्य भूमीवरून बोटीतून नकळत आलेल्या एखाद्या रॅकूनबरोबर, आणि सुमारे तेराशे खोकडांपैकी शंभरच्या आसपास उरली. बेटावर एके ठिकाणी जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. तिच्या पश्चिमेकडची खोकडे साथीतून वाचली आणि पुढची उभारणी मुख्यतः त्यांच्यावर झाली. तिथे उपाय होता लसीकरणाचा. कुत्र्यांना दिली जाणारी नेहमीची लस या खोकडांना धोक्याची ठरू शकते, म्हणून वेगळ्या प्रकारची लस वापरावी लागली. दरवर्षी खोकडे पकडून तपासायची, टोचायची, कॉलर लावून सोडायची, आणि येणाऱ्या बोटींवर व पाळीव प्राण्यांवर लक्ष ठेवायचे, असे काम तिथे आजही चालते. २०१६ मध्ये कॅटलिनाचे खोकड यादीबाहेर काढले गेले नाही. ‘संकटग्रस्त’ ऐवजी ‘धोक्यात’ अशा कमी गंभीर वर्गात ठेवले गेले, कारण रोग पुन्हा येण्याचा मार्ग पूर्ण बंद करता येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले गेले. माणसांच्या वस्तीतही काम होते. फक्त तिथे ते कधी संपत नाही.

चौथा आक्षेप असा की हे यश कायमचे नाही. हे खरेच आहे. २०१३ च्या सुमारास सुरू झालेल्या तीव्र दुष्काळात सॅन मिगेलवर खोकडांची संख्या पुन्हा घसरली आणि तिथल्या खोकडांत पोटात काटेरी डोके रुतवणाऱ्या परजीवी कृमीचा प्रादुर्भाव आढळला. सांता क्रूझवर खोकडे वाढली तशी, त्यांच्या अनुपस्थितीत फोफावलेला बेटावरचाच ठिपकेदार स्कंक हा छोटा प्राणी दुर्मीळ झाला. सॅन निकोलस बेटावरच्या खोकडांत तर जनुकीय विविधता जवळजवळ शून्य आहे. एकच नवा रोग सगळ्यांना सारखाच लागू शकतो. पण यातून काम फुकट गेले असा अर्थ निघत नाही. काम संपलेले नाही एवढाच निघतो. यादीतून नाव काढल्यानंतरही कॉलर लावलेल्या खोकडांवर देखरेख ठेवण्याची तरतूद होती, म्हणूनच सॅन मिगेलवरची घसरण वेळेत कळली. १९९४ ते २००० या काळात हजारो खोकडे मरत असताना सुरुवातीची महत्त्वाची वर्षे कारण शोधण्यातच गेली होती. दोन्ही वेळांमधला फरक देखरेखीचा आहे, आणि देखरेख ही संवर्धनातली सर्वांत स्वस्त बाब असूनही निधी आटला की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते.

या साऱ्याचा महाराष्ट्राशी संबंध ओढूनताणून जोडावा लागत नाही. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या माळरानांवर आपले खोकड राहते; अमेरिकी बेटांवरच्या खोकडाचा तो दूरचा नातलग. ते आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर नाही, पण सांता रोझावरचे खोकडही १९९४ मध्ये तसे नव्हते. आपल्या खोकडाला गरुडाची भीती नाही. त्याचे प्रश्न दोन आहेत. पहिला प्रश्न अधिवासाचा. गवताळ माळ सरकारी नकाशांवर ‘पडीक’ म्हणून नोंदले जातात, आणि पडीक म्हटले की ते कोणत्याही प्रकल्पाला देता येतात किंवा हिरवाई वाढवण्याच्या नावाखाली तिथे खड्डे खणून झाडे लावता येतात. खोकडाला दाट झाडी नको असते; उघड्या, आखूड गवताच्या माळावर ते बीळ करते. माळावर वन उभे करणे म्हणजे त्याला बेघर करणे. दुसरा प्रश्न मोकाट कुत्र्यांचा आहे. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातल्या अभ्यासांत दिसले आहे की कुत्री आसपास असली की खोकडे आपले खाणे सोडून बाजूला होतात, आणि डिस्टेंपरच्या विषाणूशी संपर्क आल्याच्या खुणा गावकुत्र्यांबरोबर खोकडांतही सापडल्या आहेत. डिस्टेंपर काय करू शकते हे पाहायला कॅटलिनापर्यंतही जावे लागत नाही. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया परिसरात वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतल्या अनेकांत हाच विषाणू आढळला होता.

आपल्याकडे संवर्धनाची चर्चा बहुधा कायदा आणि अभयारण्याच्या हद्दीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले; तरी आज तिथे माळढोक शोधावा लागतो. चॅनल आयलंड्सवरही राष्ट्रीय उद्यान १९८० पासून होते आणि खोकडे त्याच उद्यानात मेली. हद्द आखल्याने विष थांबत नाही, डुकरे थांबत नाहीत, कुत्री थांबत नाहीत. आपल्याकडे उपाय वेगळे असतील हे उघड आहे. इथे माळावर धनगर आहे, त्याच्या मेंढ्या आहेत, त्याचे राखणीचे कुत्रे आहे. त्याला वगळून माळरान वाचणार नाही, कारण पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या मर्यादित चराईतूनच हे माळ उघडे राहिले आहेत. इथे डुकरांसारखी निर्मूलन मोहीम कोणी सुचवत नाही, सुचवूही नये. पण माळालगतच्या गावांत कुत्र्यांचे लसीकरण आणि नसबंदी, गावाबाहेर मेलेली जनावरे आणि उकिरडे उघड्यावर न टाकण्याची व्यवस्था, महसूल नोंदींतून ‘पडीक’ हा शिक्का काढून गवताळ माळाला स्वतंत्र परिसंस्था म्हणून मान्यता, आणि नैसर्गिक माळांवर वृक्षलागवड थांबवणे या चार गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत. त्यांना कोणतेही प्रजनन केंद्र लागत नाही, हेलिकॉप्टर लागत नाही, परदेशी तज्ज्ञ लागत नाहीत. वनविभाग, महसूल विभाग, पशुसंवर्धन विभाग आणि ग्रामपंचायती यांनी एकाच आराखड्यावर काम करावे लागते, एवढेच.

आणि तेच सर्वांत कठीण आहे, हेही चॅनल आयलंड्सने शिकवले. तिथे यश मिळाले ते अनेक संस्थांनी आपापल्या अधिकाराची कुंपणे ओलांडल्यामुळे, संशोधकांचे म्हणणे धोरणात उतरल्यामुळे आणि लोकांना न आवडणारे निर्णय स्पष्ट कारणे देऊन घेतल्यामुळे. शेवटची पंधरा खोकडे उरेपर्यंत थांबल्याची किंमत तिथे अफाट मोजावी लागली: वर्षानुवर्षे पिंजरे, हेलिकॉप्टर, खटले आणि हजारो जनावरांचे मरण. महाराष्ट्राला ती किंमत टाळण्याची संधी अजून आहे, कारण आपले खोकड अजून माळावर आहे. वनविभागाने माळरानांवरच्या खोकडांची नियमित गणना आणि रोगतपासणी या वर्षीच सुरू करावी, आणि शासनाने गवताळ माळांची ‘पडीक’ ही नोंद रद्द करावी. माळाजवळच्या गावांत राहणाऱ्या वाचकांनी आपल्या ग्रामसभेत दोन ठराव मांडावेत: गावच्या कुत्र्यांचे दरवर्षी लसीकरण, आणि गावच्या माळावर झाडे लावण्याआधी तिथे काय जगते याची पाहणी.